दोन बाहूंमधला समुद्र

इंग्लंडच्या टेट संग्रहात 'पेलागोस' नावाचे एक लाकडी शिल्प आहे. उंची जेमतेम हातभर. लाकूड एल्म ह्या विलायती वृक्षाचे. घडवणाऱ्या बार्बरा हेपवर्थ आणि साल १९४६. बाहेरून पाहिले तर घोटून गुळगुळीत केलेला एक गोलसर लाकडी गोळा. मात्र तो एका बाजूने उघडा आहे. फळातला गर काढून घ्यावा तशी त्याची पोकळी कोरून काढली आहे, आणि उरलेले लाकूड दोन बाहूंसारखे वळत वळत एकमेकांच्या दिशेने येते, परंतु एकमेकांस मिळत नाही. पोकळीला आतल्या अंगाने फिकट रंग दिला आहे. निळसर म्हणावा की पांढरा, असा प्रश्न पडावा इतका फिकट. एका बाहूपासून दुसऱ्या बाहूपर्यंत काही दोऱ्या ताणून बसवल्या आहेत. 'पेलागोस' म्हणजे ग्रीक भाषेत समुद्र.

असे शिल्प आपल्यापैकी एखाद्या कुटुंबापुढे ठेवले तर पहिला प्रश्न येईल तो 'हे आहे तरी काय?' असा. कलेच्या जाणकारांना हा प्रश्न अडाणीपणाचा वाटतो. आम्हांला तसा तो वाटत नाही. आपली दृष्टी देवळातील पुतळ्यांनी घडवलेली आहे. हाती किल्ल्या असल्या की संत पेत्र, कडेवर बाळ येशू असला की संत अंतोनी, अंगात बाण रुतलेले असले की संत सेबॅस्टियन, हे आपण लहानपणीच शिकतो. पुतळा ओळखायचा असतो, आणि ओळख पटली की त्याच्यापुढे मेणबत्ती लावायची असते. 'पेलागोस'मध्ये असे ओळखण्याजोगे काहीच नाही. समुद्र म्हणावे तर लाट नाही, मासा नाही, गलबत नाही. तरीही ह्या प्रश्नाला उत्तर आहे असे आमचे मत आहे, आणि ते शोधण्यास एक विशेष कारणही आहे. ह्याच बाईंच्या हातून पुढे आठ वर्षांनी एका चर्चसाठी पवित्र मरियेची मूर्ती घडली, आणि तीही स्वतःच्या मुलाच्या मृत्यूनंतर. ओळखता येणारे शिल्प आणि न ओळखता येणारे शिल्प अशी दोन्ही एकाच हाताची, एकाच किनाऱ्यावरची आपल्यापुढे आहेत. ती शेजारी शेजारी ठेवून पाहावीत असे मनात आले.

हेपवर्थबाई जन्माने समुद्रकाठच्या नव्हेत. १९०३ साली इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यात, वेकफील्ड ह्या गिरण्यांच्या गावी त्यांचा जन्म झाला. वडील परगण्याच्या रस्त्यांचे आणि पुलांचे काम पाहणारे अभियंते होते. कामानिमित्त ते मोटारीने हिंडत आणि मुलीला बरोबर नेत. टेकड्यांची चढउतार डोळ्यांपेक्षा अंगालाच अधिक कळते हे त्या मुलीच्या ध्यानी तेव्हाच आले असावे. पुढे लीड्स आणि लंडन येथे शिक्षण झाले, मग इटलीत संगमरवर कोरण्याचा अभ्यास. त्या काळी बहुतेक शिल्पकार मातीत नमुना करीत, आणि तो दगडात उतरवण्याचे काम कारागिरांकडे सोपवीत. हेपवर्थ, त्यांचे पहिले पती जॉन स्कीपिंग आणि त्यांचे मित्र हेन्री मूर ह्यांच्या पिढीने ही वाटणी नाकारली. छिन्नी स्वतः धरायची आणि दगड किंवा लाकूड जिकडे नेईल तिकडे थोडे जायचे, असा त्यांचा बाणा. सुतारकी जाणणाऱ्या घरांना ह्यात काही नवल वाटणार नाही. लाकडाच्या रेषा कोणीकडे धावतात हे पाहिल्यावाचून हत्यार चालवणाऱ्याची काय गत होते, ते त्यांना ठाऊक असते.

१९३९ च्या ऑगस्टमध्ये, महायुद्ध अगदी दारात येऊन उभे असताना, त्या आपले दुसरे पती, चित्रकार बेन निकल्सन, आणि पाच वर्षेही पुरी न झालेली तिळी मुले ह्यांच्यासह लंडन सोडून कॉर्नवॉलच्या टोकाला आल्या. सेंट आइव्हज ह्या कोळ्यांच्या गावाशेजारी कार्बिस बे नावाची वस्ती आहे. तेथे एड्रियन स्टोक्स आणि मार्गारेट मेलिस ह्या स्नेही दांपत्याने त्यांना आसरा दिला. आजकाल कलावंतांसाठी निवासाच्या योजना असतात. एखादी संस्था कलावंताला काही आठवडे वा महिने राहायला जागा देते, काम करायला कोठी देते, आणि मुख्य म्हणजे मोकळा वेळ देते. हेपवर्थबाईंच्या वाट्याला ह्यांतले आले ते फक्त डोक्यावरचे छप्पर. वेळ तर मुळीच नव्हता. दिवसा लहान मुलांची शाळा चालवायची, भाजीचा वाफा सांभाळायचा, घरकाम उरकायचे; रात्री सर्व निजल्यावर कागदावर रेखाटने करायची आणि प्लॅस्टरचे छोटे नमुने घडवायचे. पहिली काही वर्षे कोरकाम जवळजवळ बंदच होते. १९४२ मध्ये जरा मोठे घर मिळाले तेव्हा कोठे छिन्नी पुन्हा हाती आली. युद्धापुरता घेतलेला हा आसरा पुढे छत्तीस वर्षे टिकला. १९४९ साली त्यांनी सेंट आइव्हज गावातच ट्रेविन नावाची कार्यशाळा घेतली, आणि १९७५ च्या मे महिन्यात तेथेच लागलेल्या आगीत त्यांचा अंत झाला.

कार्बिस बेच्या त्या घरातून समोर उपसागर दिसे. डावीकडे सेंट आइव्हजचे टोक, उजवीकडे दूरवर गॉड्रेव्हीचा दीपस्तंभ, आणि दोहोंच्या मधून थेट अटलांटिक. जमिनीचे दोन हात आपल्याला कवेत घेत आहेत, तरीही नजरेला क्षितिजाकडे निसटून जाण्यास वाट मोकळी आहे, अशा अर्थाचे त्यांनी ह्या दृश्याविषयी लिहून ठेवले आहे. पोकळीतला रंग आपल्याला पाण्याच्या खोलीत, गुहांत आणि सावल्यांत घेऊन जातो, आणि दोऱ्या म्हणजे आपण आणि समुद्र, वारा, टेकड्या ह्यांच्यामध्ये जाणवणारा ताण, असाही त्यांचा खुलासा आहे.

हा खुलासा हाती आला की बरेच समीक्षक सुटल्याचा निःश्वास टाकतात. बाहू म्हणजे जमीन, रंग म्हणजे पाणी, दोऱ्या म्हणजे ताण: कोष्टक तयार. आम्हांस मात्र हे कोष्टक अपुरे वाटते. तसे असते तर 'पेलागोस' हा लाकडात केलेला एक नकाशा ठरला असता, आणि उपसागर ठाऊक नसलेल्याला त्यात काहीच गवसले नसते. वास्तविक सेंट आइव्हजचे नावही न ऐकलेला माणूस ह्या शिल्पापुढे थबकतो. तो का थबकतो, ह्याचे उत्तर कोरण्याच्या क्रियेतच शोधावे लागेल. समुद्राला स्वतःचा आकार नाही. ज्याने लाटेचा पुतळा करायचे ठरवले त्याने अर्ध्यावरच हार पत्करली, कारण गोठलेली लाट ही लाट नसते, फार तर केकवरची साखर असते. समुद्राला आकार देतो तो किनारा, म्हणजे पाण्याला अडवणारी जमीन. हेपवर्थबाईंनी लाकडात किनारा ठेवला आणि समुद्राच्या जागचे लाकूड काढून टाकले. जे कोरून, भुसा होऊन कार्यशाळेच्या फरशीवर पडले, तोच ह्या शिल्पाचा विषय होय. म्हणूनच पाहणाऱ्याची नजर लाकडावर फार वेळ ठरत नाही, ती आत उतरते. आणि आत उतरली की आपण समुद्राकडे पाहत नसून कोणाच्या तरी कुशीतून बाहेर पाहत आहोत असे वाटू लागते.

'पेलागोस'च्या दोनतीन वर्षे आधीचे 'वेव्ह', म्हणजे 'लाट', हे त्यांचे शिल्प आता स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहात आहे. तेही लाकडाचेच, आत निळा रंग, दोऱ्याही आहेत. प्रथमदर्शनी ते अधिक देखणे. नाव ऐकून माणूस मान डोलावतो: हो, लाटच ही. आमच्या मते तीच त्याची उणीव आहे. ओळख पटली की पाहणे थांबते. (देवळातील पुतळ्यांबाबतही हे आपल्याकडून नेहमी घडते, पण ते असो.) दोऱ्यांबाबतही आमचे थोडे वेगळे मत आहे. ताणलेल्या दोऱ्यांची ही युक्ती त्या काळी अनेकांनी वापरली. हेपवर्थबाईंच्याही काही शिल्पांत ती एखाद्या वाद्यावरच्या तारांसारखी शोभेची होऊन बसते. 'पेलागोस'मध्ये मात्र दोऱ्या काढून टाकल्याची नुसती कल्पना करावी: दोन्ही बाहू एकदम सैल पडल्यासारखे वाटतील. जवळ येऊनही न मिळणाऱ्या दोन टोकांमध्ये जे काही आहे, ते त्या दोऱ्यांनी धरून ठेवले आहे.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पुस्तकांत ह्या शिल्पाचे बहुधा एकाच बाजूचे छायाचित्र असते, कारण छापण्यास तीच बाजू सोयीची. शिल्प ही भोवती फिरून पाहायची वस्तू आहे. मागच्या बाजूने 'पेलागोस' जवळजवळ पूर्ण मिटलेले दिसते, पाठ फिरवून बसलेल्या माणसासारखे. ती पाठ पाहिल्यावाचून समोरच्या उघडेपणाची किंमत कळत नाही.

ही पोकळी त्यांच्या कामात समुद्रामुळे आली असे मात्र म्हणता येणार नाही. ती समुद्राच्या आधीपासून आहे, आणि आमच्या दृष्टीने हीच ह्या साऱ्या कहाणीतील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट आहे. १९३४ साली, तिळ्यांच्या जन्माच्या वर्षी, त्यांनी 'माता आणि मूल' ह्या नावाची शिल्पे केली. त्यांतले एक आज टेट संग्रहात आहे. दगड अलाबास्टरचा, मऊ आणि किंचित अर्धपारदर्शक. आडव्या पसरलेल्या मातेच्या आकृतीत मधोमध आरपार पोकळी आहे, आणि मूल म्हणजे एक निराळा छोटा दगड, तिच्या अंगावर टेकलेला. मूल जेथून बाहेर आले ती जागा मातेच्या अंगात रिकामी राहिली आहे, असे हे शिल्प पाहताना वाटल्यावाचून राहत नाही. पुढे माता गेली, मूल गेले, चेहरे आणि हातपाय गेले; ती रिकामी जागा तेवढी राहिली. बारा वर्षांनी कार्बिस बेच्या खिडकीतून जमिनीचे दोन हात आणि मधला समुद्र दिसला, तेव्हा त्या बाईंना आपलीच जुनी आकृती पुन्हा भेटली. समुद्राने त्यांना नवा आकार शिकवला हे म्हणणे अर्धेच खरे. त्यांच्याजवळ असलेल्या आकाराला समुद्राने केवढेतरी मोठे आवार दिले.

आता त्या मूर्तीकडे वळू. सेंट आइव्हजच्या बंदराला लागून संत इया हिच्या नावाचे पंधराव्या शतकातील ग्रॅनाइटचे चर्च आहे. चर्च अँग्लिकन पंथाचे. ही इया मूळची आयर्लंडची कुमारिका. आख्यायिका अशी की, सोबत्यांसह कॉर्नवॉलला जाण्यासाठी ती किनाऱ्यावर पोहोचली, तो तारू तिला मागे टाकून निघून गेलेले. ती दुःखी होऊन प्रार्थना करीत उभी असता पाण्यावर एक लहानसे पान तरंगताना दिसले. ते बुडते की काय हे पाहण्यासाठी तिने काठीने त्याला स्पर्श केला; पान वाढत वाढत होडीएवढे झाले आणि त्यावर बसून ती समुद्र ओलांडून आली. इतरांच्या आधी पोहोचली असेही सांगतात. गावाचे नावच तिच्यावरून पडले आहे.

१९५३ च्या फेब्रुवारीत हेपवर्थबाईंचा थोरला मुलगा पॉल, पहिल्या विवाहापासूनचा, ब्रिटिश हवाई दलात असताना थायलंडमध्ये विमान कोसळून मरण पावला. वय अवघे तेवीस. त्याच्या स्मरणार्थ त्यांनी पवित्र मरिया आणि बाळ येशू ह्यांची पांढऱ्या दगडातली मूर्ती घडवली, आणि १९५४ पासून ती संत इयाच्या चर्चमध्ये, मरियेच्या प्रार्थनागृहात आहे. वीस वर्षे ज्यांच्या कोरकामात चेहरा क्वचितच आला होता, त्या बाईंनी येथे मातेला चेहरा दिला, मुलाला चेहरा दिला. कोणाही धर्मग्रामस्थाला ही मूर्ती ओळखण्यास क्षणही लागणार नाही.

आधुनिक कलेच्या इतिहासकारांना ही मूर्ती अडचणीची वाटते. एवढी मोठी अमूर्त शिल्पकार शोकाच्या भरात जुन्या वाटेला परत गेली, असे काहीसे म्हणून ते पुढे सरकतात. आपल्यासारख्यांना उलट मोह होतो. पाहा, खरे दुःख झाले तेव्हा तिलाही अखेर मरियाच आठवली, असे म्हणून आपण 'पेलागोस'कडे पाठ फिरवू. हे दोन्ही निवाडे आम्हांस उतावीळ वाटतात.

केवळ शिल्प म्हणून विचारल्यास मूर्ती 'पेलागोस'च्या तोडीची नाही, हे आम्ही स्पष्टच सांगतो. रेषा जपून जपून ओढलेल्या आहेत. हेपवर्थबाईंच्या कोरकामातला तो धीटपणा, दगडाच्या पोटात हात घालण्याचा, येथे दिसत नाही. पण नेमके हेच थांबून पाहण्यासारखे आहे. १९३४ पासून त्यांच्या शिल्पाची खूण म्हणजे आरपार पोकळी. ह्या मूर्तीत ती नाही. दगड बंद आहे, भरलेला आहे. ज्या बाईने मुले अंगाखांद्यावर असताना मातेच्या आकृतीत रिकामी जागा ठेवली, तिनेच मुलगा गेल्यावर ती जागा ठेवली नाही. त्या एका मूर्तीपुरते तिने मातेचे बाहू भरून टाकले. कलेच्या दृष्टीने ती माघार असेल. एका आईने तेवढी माघार घेतली असेल तर तिला दोष देण्याइतके आम्ही कठोर नाही, आणि ती माघार म्हणजेच तिचे श्रेष्ठ काम, असे म्हणण्याइतके भाबडेही नाही. प्रार्थनागृहात येऊन बसणाऱ्या एखाद्या मातेला त्या मूर्तीपासून जे मिळेल ते 'पेलागोस'पासून मिळणार नाही. 'पेलागोस' तिला तीच गोष्ट सांगते, पण ती ऐकण्यासाठी मन बरेच शांत असावे लागते.

ह्या साऱ्या स्तुतीवर एक आक्षेप घेता येतो, आणि समुद्राकाठी राहणारा वाचक तो घेतल्यावाचून राहणार नाही. हेपवर्थबाईंचा समुद्र हा खिडकीतून दिसणारा समुद्र आहे. त्यात कोणी जाळे टाकीत नाही, कोणी बुडत नाही. सेंट आइव्हज हे तारलीच्या जातीचा पिल्चार्ड नावाचा मासा धरून पिढ्यान्‌पिढ्या जगलेले गाव. त्याचा घाम आणि त्याचा वास 'पेलागोस'मध्ये कोठे आहे? त्याच गावात आल्फ्रेड वॉलिस नावाचा म्हातारा राहत होता. उमेदीत समुद्रावर काम केलेला, पुढे भंगार आणि नावांच्या जुन्या सामानाचा धंदा केलेला. बायको गेल्यावर, सत्तरीच्या सुमारास, एकटेपण घालवण्यासाठी त्याने चित्रे काढण्यास आरंभ केला. पुठ्ठ्याचे कसेही फाटलेले तुकडे घ्यायचे आणि होड्यांना लावायच्या रंगाने त्यांवर गलबते, बंदर, दीपस्तंभ रंगवायचे. १९२८ मध्ये बेन निकल्सन आणि त्यांचे मित्र क्रिस्टोफर वुड ह्यांनी त्याची चित्रे पाहिली आणि ते थक्क झाले. पुढे ह्या चित्रांची कीर्ती मोठ्या संग्रहालयांत पोहोचली. वॉलिस मात्र १९४२ मध्ये शेजारच्या मॅड्रन गावातील गरीबखान्यात मरण पावला. त्याच्या चित्रांतला समुद्र राखी आणि हिरवा आहे, त्यावर जायचे आणि त्यातून परत यायचे असते. त्याच्या तुलनेत हेपवर्थबाईंचा समुद्र फार स्वच्छ वाटतो, हे आम्हांस मान्य करावे लागते. त्याला उत्तर एवढेच की किनाऱ्यावर वाट पाहणारेही असतात, आणि वाट पाहणाऱ्यांचा समुद्र हा असाच, दोन टोकांच्या मधून दिसणारा असतो. उत्तर पुरेसे आहे की नाही ते वाचकाने ठरवावे.

पुढील काळातील कामाविषयी थोडक्यात. १९५६ पासून त्या ब्राँझकडे वळल्या. ब्राँझच्या एका नमुन्यावरून अनेक प्रती ओतता येतात, मोठी मागणी पुरवता येते, आणि कीर्तीही वाढते. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीपुढे १९६४ साली त्यांचे 'सिंगल फॉर्म' उभे राहिले. १९६१ मध्ये विमान अपघातात मरण पावलेले महासचिव डाग हामरशोल्ड ह्यांचे ते स्मारक. एकवीस फुटांची ही आकृती भव्य आहे, पण आम्हांस ती थोडी दूरची वाटते. समुद्राच्या संदर्भात ब्राँझमधले पाहण्यासारखे काम म्हणजे १९५८ चे 'सी फॉर्म (पोर्थमिओर)'. पोर्थमिओर हा सेंट आइव्हजचा अटलांटिकला तोंड दिलेला किनारा. पत्र्यासारखा पातळ, वरच्या कडेला मुरडलेला हा आकार लाटेच्या अगदी जवळ जातो. त्यात लाकडाची ऊब नाही, पण त्याच्या खडबडीत अंगावर छिन्नीपेक्षा हाताच्या बोटांची आठवण अधिक आहे.

त्याच पोर्थमिओरच्या वाळूला लागून एक जुनी इमारत आहे. खाली कोळ्यांची जाळी आणि मासे खारवण्याची तळघरे, वर चित्रकारांच्या कार्यशाळा. बेन निकल्सनही तेथे काम करीत असत. एकाच छपराखाली दोन्ही धंदे आजवर नांदत आले आहेत, ही गोष्ट दुर्मीळ आहे. ह्या गावात १९९३ साली टेट संस्थेने आपले संग्रहालय उघडले आणि कलावंतांना बोलावून निवास देण्याची प्रथा सुरू झाली. १९९८ मध्ये आलेल्या पाहुण्यांपैकी एक म्हणजे व्हेरोनिका रायन. १९५६ साली कॅरिबियन समुद्रातील माँटसेराट बेटावर, प्लिमथ ह्या गावी त्यांचा जन्म झाला आणि तान्ह्या वयातच आईवडिलांबरोबर त्या इंग्लंडला आल्या. त्या सेंट आइव्हजला आल्या तेव्हा त्यांचे जन्मगाव उरले नव्हते. १९९५ मध्ये जागा झालेल्या ज्वालामुखीने १९९७ पर्यंत प्लिमथ राखेखाली गाडून टाकले होते, आणि बेटावरचे बहुतेक लोक देशोधडीला लागले होते.

हेपवर्थबाईंच्या मागे त्यांच्या कार्यशाळेत न कोरलेला संगमरवर शिल्लक राहिला होता. त्यातला काही दगड रायन ह्यांना काम करण्यासाठी देण्यात आला. त्यातून 'क्वॉइट माँटसेराट' हे शिल्प घडले. कॉर्नवॉलच्या माळावर प्राचीन लोकांनी मोठमोठ्या शिळा एकमेकींवर ठेवून केलेल्या दफनाच्या जागा आहेत, त्यांना तेथे क्वॉइट म्हणतात. म्हणजे शिल्पाच्या नावातच दोन किनारे आहेत, आणि त्यांतल्या एकावर आता राख आहे. येथे निवासाचा अर्थ आम्हांस नीट कळतो. पाहुण्या कलावंताने यजमानाच्या गावाचा समुद्र पाहून चार लाटा कोराव्यात, ही अपेक्षा क्षुद्र आहे, आणि अशा योजनांतून निघणारे बरेचसे काम ह्याच जातीचे असते: वाळूतून वेचलेले शंख, लाकडाचे धुतलेले ओंडके, आणि सोबत एक लांब निवेदन. रायन ह्यांनी तसे केले नाही. दुसऱ्या एका बाईच्या हाताखालून सुटलेल्या दगडात त्यांनी स्वतःचे गमावलेले बेट आणून ठेवले. हेपवर्थबाईंनीही ह्या किनाऱ्यावर आपलीच जुनी आकृती आणली होती.

गावाला ह्या कीर्तीची किंमत मोजावी लागली, तेही नमूद केले पाहिजे. चित्रकार आले, मग चित्रे पाहणारे आले, मग सुट्टीपुरती घरे विकत घेणारे आले. किमती इतक्या चढल्या की कोळ्यांच्या मुलाबाळांना गावात घर परवडेना. २०१६ च्या मे महिन्यात सेंट आइव्हजच्या लोकांनी कौल देऊन ठरवले की, ह्यापुढे बांधले जाणारे नवे घर कायम राहणाऱ्यालाच मिळावे. ऐंशी टक्क्यांहून अधिक मते ह्या बाजूने पडली. कलावंताला काही महिन्यांचा निवास देणारे गाव आपल्याच लेकरांना निवास देऊ शकत नसेल, तर तेथील पोकळ्यांचा आणखी एक अर्थ निघतो. तो कोरण्यास अजून कोणी पुढे आलेले आम्ही पाहिले नाही.

रायन ह्यांचा पुढला प्रवास मात्र आपल्या वाचकांना जवळचा वाटेल. २०२१ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात त्यांनी तीन मोठी फळे संगमरवर आणि ब्राँझ ह्यांत घडवून उघड्या रस्त्यावर मांडली. कॅरिबियन बेटांवरून युद्धानंतर इंग्लंडला आलेल्या कष्टकरी पिढीच्या सन्मानार्थ ते काम होते. पुढल्या वर्षी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांना टर्नर पारितोषिक मिळाले. एवढ्या उतारवयात ते मिळवणाऱ्या त्या पहिल्याच. ती तीन फळे कोणती म्हणाल, तर सीताफळाच्या कुळातले एक, दुसरे मामफळ, आणि तिसरा आपल्या कोकणातही परसात वाढणारा, काप करून तव्यावर भाजला जाणारा नीरफणस. हॅकनीतून समुद्र कोठूनही दिसत नाही. तेथे ही फळे पदपथावर, जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या गुडघ्याशी ठेवलेली आहेत, नुकतीच कोणी टोपली रिकामी करून गेल्यासारखी.